मंगळाचे विझलेले चुंबकीय क्षेत्र पुन्हा उभे करता येईल का?

चुंबकसूची

माझ्या आठवीत शिकणाऱ्या मुलीने मागच्या आठवड्यात विचारले, की मंगळावर होकायंत्र नेले तर त्याची सुई कोणती दिशा दाखवील? मी घाईने सांगून टाकले, की तिथे चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे सुई कुठेही थांबेल. नंतर वाचायला बसले तेव्हा कळले, की माझे उत्तर अर्धवट होते. १९९७ मध्ये मंगळाभोवती पोहोचलेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाला दक्षिण गोलार्धातल्या प्राचीन उंच प्रदेशांत, विशेषतः टेरा सिमेरिया आणि टेरा सायरेनम या भागांत, खडकांमध्ये टिकून राहिलेले चुंबकत्व आढळले. म्हणजे तिथे सुई एका दिशेला स्थिरावेल, पण ती दिशा उत्तर असेलच असे नाही. सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वी त्या खडकांनी जे क्षेत्र अनुभवले, त्याची ती खूण असेल.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. मंगळाचा गाभा थंड होऊन गोठला, चुंबकीय क्षेत्र संपले, सौरवाऱ्याने (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या भारित कणांच्या झोताने) वातावरण खरवडून नेले आणि ग्रह निर्जीव झाला, असा क्रम मी आजवर समजत आले आहे. हा क्रम बरोबर असेल, तर मंगळ राहण्याजोगा करण्याचे पहिले काम गाभा पुन्हा वितळवण्याचे असायला हवे. हे कितपत शक्य आहे? आणि हेच पहिले काम आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गाभारा

प्रश्न फार चांगला आहे. मात्र त्याच्या मुळाशी असलेली एक समजूत आधी दुरुस्त करायला हवी. मंगळाचा गाभा गोठलेला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने चार वर्षे मंगळकंपांच्या लहरी नोंदवल्या, आणि त्यांतून गाभ्याचा फार मोठा भाग आजही द्रवरूप असल्याचे स्पष्ट झाले. २०२१ मध्ये गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर मांडली गेली होती. २०२३ मध्ये गाभ्याभोवती वितळलेल्या सिलिकेट खडकाचा एक थर असल्याचे लक्षात आले, तेव्हा हा आकडा १,६५० किलोमीटरच्या आसपास आला. लोखंडाबरोबर गंधकासारखी हलकी मूलद्रव्ये मिसळलेली असल्यामुळे हे मिश्रण शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी तापमानालाही वितळलेले राहते.

मग क्षेत्र का नाही? कारण डायनॅमो, म्हणजे ग्रहाच्या पोटात चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी यंत्रणा, नुसत्या उष्णतेवर चालत नाही, तो उष्णतेच्या प्रवाहावर चालतो. भांड्यातले पाणी खालून तापत असते आणि वरून उष्णता निघून जात असते, तोपर्यंत पाणी वर-खाली फिरत राहते. त्याच भांड्यावर जाड गोधडी टाकली तर पाणी गरम राहते, पण फिरायचे थांबते. विद्युतवाहक द्रवाच्या या फिरण्याला अभिसरण म्हणतात, आणि ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र त्यातून निर्माण होते. मंगळाच्या गाभ्यातून प्रावरणात, म्हणजे गाभा आणि कवच यांच्यामधल्या खडकाच्या जाड थरात, जाणारी उष्णता आज इतकी मंद आहे, की ती केवळ वहनाने, म्हणजे द्रव न हलताच, निघून जाते आणि द्रवाला ढवळून निघण्याची गरजच पडत नाही. पृथ्वीवर भूपट्ट सतत खाली जात राहतात, प्रावरण थंड होते आणि ते गाभ्याची उष्णता ओढून घेते. मंगळाचे कवच एकाच अखंड झाकणासारखे आहे.

तेव्हा गाभा बाहेरून तापवणे म्हणजे त्या गोधडीवर आणखी एक गोधडी घालणे होईल. गाभ्याच्या वरच्या भागाला उष्णता दिली तर अभिसरण अधिकच अशक्य होते.

उत्तरायण

गाभारा यांच्या प्रतिसादाला एका ढोबळ हिशोबाची जोड देतो. त्रिज्या १,६५० किलोमीटर आणि सरासरी घनता पाण्याच्या साडेसहा पट धरली, तर गाभ्याचे वस्तुमान १.२ वर २३ शून्ये इतके किलोग्रॅम येते. तो केवळ एक अंशाने तापवायला सुमारे १ वर २६ शून्ये इतके ज्यूल लागतील. सगळी मानवजात आज वर्षभरात सुमारे ६ वर २० शून्ये इतके ज्यूल वापरते. म्हणजे आपली सगळी ऊर्जा एका अंशासाठी दीड लाखाहून अधिक वर्षे ओतावी लागेल. गाभ्यात अणुस्फोट घडवण्याच्या ज्या कल्पना अधूनमधून मांडल्या जातात, त्यांचा विचार इथेच थांबतो.

पाऊलवाट

गोधडीचे उदाहरण फार आवडले. इतकी वर्षे मीही "गाभा गोठला" असेच समजत होतो.

शिशिर

गाभारा यांना एक शंका विचारायची आहे. २०२५ मध्ये इनसाइटच्याच नोंदींच्या नव्या विश्लेषणातून मंगळाच्या केंद्रस्थानी सुमारे ६०० किलोमीटर त्रिज्येचा घन अंतर्गाभा असल्याचा निष्कर्ष एका गटाने प्रसिद्ध केला. पृथ्वीवर अंतर्गाभा गोठताना हलकी मूलद्रव्ये बाहेर पडतात आणि त्यांच्या वर सरकण्यामुळेच आपला डायनॅमो मुख्यतः चालतो, असे मी शिकले आहे. मंगळावर अंतर्गाभा असेल, तर तिथेही डायनॅमो चालायला नको का?

गाभारा

शिशिर, तुमची शंका रास्त आहे. अंतर्गाभा असणे आणि तो पुरेशा वेगाने वाढत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोठण्याची गती शेवटी प्रावरण किती उष्णता बाहेर जाऊ देते यावर ठरते, आणि तिथे पुन्हा तेच झाकण आडवे येते. हा निष्कर्ष पुढील अभ्यासात टिकला, तर मंगळाचा गाभा अगदी हळूहळू गोठत आहे असे म्हणता येईल, आणि कदाचित दूरच्या भविष्यात तिथे एखादे क्षीण क्षेत्र आपोआप जागेही होईल. आकाराने लहान ग्रहावर असे घडूच शकत नाही, असे नाही. बुध मंगळापेक्षा लहान आहे. तरीही १९७४ मध्ये मरिनर १० यानाला त्याचे स्वतःचे क्षेत्र सापडले, जे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे एक टक्का आहे. गुरूचा उपग्रह गॅनिमीड याचेही क्षेत्र १९९६ मध्ये गॅलिलिओ यानाने शोधले.

आकाशवेध

गाभ्याला हात न लावता क्षेत्र उभारण्याचे प्रस्ताव गांभीर्याने मांडले गेले आहेत, त्यांची नोंद या धाग्यात व्हायला हवी. २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या ग्रहविज्ञानाच्या एका कार्यशाळेत, त्या वेळी नासाच्या ग्रहविज्ञान विभागाचे प्रमुख असलेले जिम ग्रीन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कल्पना मांडली, की मंगळ आणि सूर्य यांच्यामधल्या पहिल्या लाग्रांज बिंदूवर (जिथे ठेवलेली वस्तू सूर्य आणि मंगळ यांच्या रेषेतच राहते), म्हणजे मंगळापासून सुमारे दहा लाख किलोमीटर सूर्याच्या दिशेने, एक ते दोन टेस्ला क्षेत्राचे एक चुंबकीय द्विध्रुव, म्हणजे दोन ध्रुवांचा एक मोठा चुंबक, ठेवावे. सौरवारा त्याच्यापाशी वळेल आणि मंगळ त्याच्या मागे तयार होणाऱ्या लांबलचक चुंबकीय सावलीत राहील. पावसात चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छत्री धरावी, तसा हा प्रकार आहे. ग्रहाएवढे यंत्र बांधावे लागत नाही, हे मला या कल्पनेचे खरे सौंदर्य वाटते.

धूमकेतू

ही छत्री एकाच दिशेचा पाऊस अडवते, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. सौरवारा सूर्याकडून येतो हे खरे आहे. मंगळावर राहणाऱ्या माणसांना दीर्घकाळ त्रास देणारे विश्वकिरण (दूरच्या अवकाशातून येणारे अतिवेगवान कण) मात्र आकाशाच्या सर्व दिशांनी येतात, आणि त्यांची ऊर्जा इतकी प्रचंड असते की दहा लाख किलोमीटरवरचा चुंबक त्यांना वळवू शकत नाही. क्युरिऑसिटी गाडीवरील उपकरणाने मंगळाच्या पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट इतकी किरणोत्सर्गाची मात्रा मोजली. पृथ्वीवर नैसर्गिक स्रोतांपासून आपल्याला सरासरी वर्षभरात सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे तिथले चार दिवस इथल्या एका वर्षाएवढे आहेत. "राहण्याजोगा" हा शब्द आपण वापरणार असू, तर हा आकडा पुढ्यातून हलता कामा नये.

अभियंता७

मी व्यवसायाने विद्युत अभियंता आहे, त्यामुळे मला ग्रहाभोवती विद्युतप्रवाहाची कडी टाकण्याची कल्पना अधिक जवळची वाटते. २००८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय संलयन विज्ञान संस्थेतील मोतोजिमा आणि यानागी यांनी एक अहवाल लिहिला. तो मंगळासाठी नव्हता. पृथ्वीचे क्षेत्र पुढेमागे उलटण्याच्या काळात क्षीण झाले तर काय करावे, याचा विचार त्यात होता. पृथ्वीभोवती अक्षांशांना समांतर अशी १२ अतिसंवाहक कडी टाकावीत, प्रत्येकातून ६४ लाख अँपिअर प्रवाह न्यावा, आणि पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दहा टक्के इतके क्षेत्र निर्माण करावे, असा तो प्रस्ताव होता. प्रत्येक कड्याला एक गिगावॉट वीज पुरेल असे त्यांनी मांडले, कारण अतिसंवाहकात एकदा सुरू झालेला प्रवाह रोधाशिवाय वाहत राहतो आणि वीज मुख्यतः शीतकरणालाच लागते.

हाच विचार मंगळाला लावून पाहिला. विषुववृत्ताचा घेर सुमारे २१,३०० किलोमीटर आहे. पृथ्वीवरील क्षेत्राशी तुलना होऊ शकेल असे क्षेत्र एकाच कड्यातून हवे असेल, तर अंदाजे १५ ते २० कोटी अँपिअर प्रवाह लागेल. त्या क्षेत्रात साठणारी ऊर्जा मोजली, तेव्हा मला स्वतःला आश्चर्य वाटले: ती मानवजातीच्या एका दिवसाच्या एकूण ऊर्जावापरापेक्षा कमी येते. उत्तरायण यांच्या हिशोबाशेजारी हा आकडा ठेवा. गाभा एक अंशाने तापवण्यासाठी लागणारी ऊर्जा याच्या सुमारे दहा कोटी पट आहे, आणि ती खर्चूनही क्षेत्र मिळणार नाही! चुंबकीय क्षेत्र ही गोष्ट ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त आहे; निसर्गाने ती ज्या मार्गाने मिळवली, तो मार्ग आपल्याला परवडणारा नाही.

खरी अडचण साहित्याची आणि देखभालीची आहे. १९८७ मध्ये सापडलेले इट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्साइड सुमारे उणे १८० अंश सेल्सिअसखाली अतिसंवाहक होते. मंगळाचे सरासरी तापमान उणे साठ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे संपूर्ण घेरावर शीतकरण करावेच लागणार. अतिसंवाहकाचा एखादा तुकडा तापून साधा वाहक झाला, तर साठलेली सगळी ऊर्जा तिथे बाहेर पडू पाहते. सप्टेंबर २००८ मध्ये सर्नच्या मोठ्या कणवेगवर्धकात चुंबकांमधल्या एका सदोष विद्युतजोडणीमुळे कित्येक टन हेलियम बाहेर पडले आणि यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. तो बोगदा २७ किलोमीटरचा होता. आपण इथे २१,३०० किलोमीटरबद्दल बोलत आहोत.

सप्तर्षी

तारेऐवजी प्लाझ्माचेच, म्हणजे भारित कणांच्या वायूचेच, कडे करण्याचाही प्रस्ताव आहे. रूथ बॅमफर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडले, की फोबोस या मंगळाच्या आतल्या चंद्रावरून द्रव्य उडवून त्याचे आयनीभवन करावे आणि त्या भारित कणांना फोबोसच्या कक्षेत फिरते ठेवून विद्युतप्रवाहाचे कडे तयार करावे. फोबोस मंगळाच्या केंद्रापासून सुमारे ९,४०० किलोमीटरवर आहे आणि साडेसात तासांहून थोड्या अधिक वेळात एक फेरी पूर्ण करतो. अभियंता७ यांनी सांगितलेली शीतकरणाची अडचण यात टळते. मात्र असा प्लाझ्मा स्थिर ठेवणे किती कठीण असते, हे संलयनाच्या प्रयोगांचा इतिहास वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

उत्तरायण

आता मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण धाग्याच्या शीर्षकातच एक गृहीतक दडलेले आहे. वातावरण टिकायला चुंबकीय क्षेत्र लागतेच, हे आपण सारे मान्य करून चाललो आहोत. शुक्राकडे पाहा. त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तो सूर्याच्या अधिक जवळ आहे, तरी त्याच्या पृष्ठभागावरील हवेचा दाब पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक आहे.

मंगळाचे आकडेही तपासू. २०१४ मध्ये मंगळाभोवती पोहोचलेल्या मावेन यानाच्या निरीक्षणांवरून सौरवारा सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम वायू ओढून नेतो असे २०१५ मध्ये जाहीर झाले. पुढे सर्व मार्ग धरून हा आकडा सेकंदाला दोन-तीन किलोग्रॅमपर्यंत गेला. यातला मोठा वाटा चुंबकीय क्षेत्राने थांबणारच नाही. हायड्रोजन हलका असल्यामुळे उष्णतेच्या गतीनेच निसटतो. अतिनील किरणांनी आयनीभवन झालेले ऑक्सिजनचे रेणू इलेक्ट्रॉनशी पुन्हा जुळताना फुटतात, तेव्हा त्यातून सुटलेल्या अणूंना ५ किलोमीटर प्रतिसेकंद हा मंगळाचा मुक्तिवेग गाठणे फारसे कठीण जात नाही. हे अणू विद्युतभाररहित असतात आणि चुंबकाला त्यांची जाणीवही नसते. ध्रुवांवर तर क्षेत्ररेषा उघड्या असतात आणि पृथ्वीवरूनही तिथून आयन सतत निसटत असतात.

शिवाय काळाचे मान पाहा. उद्या कोणी मंगळावर दाट वातावरण उभे केलेच, तर ते या गतीने संपायला अब्जावधी वर्षे लागतील. जी संस्कृती काही शतकांत वातावरण निर्माण करू शकते, तिला दर सेकंदाचे तीन किलोग्रॅम भरून काढता येणार नाहीत का?

आकाशवेध

उत्तरायण, आजच्या गतीवरून भूतकाळ मोजणे योग्य नाही. तरुण सूर्याचे अतिनील किरण आणि सौरवारा आजच्यापेक्षा कितीतरी तीव्र होते. २०१७ मध्ये मावेनच्या मोजमापांतून आर्गॉनच्या समस्थानिकांचे (त्याच्या हलक्या आणि जड अणूंचे) प्रमाण तपासले गेले, आणि मंगळाने आपल्या आर्गॉनपैकी सुमारे ६५ टक्के अवकाशात गमावला असल्याचे दिसले. आर्गॉन कोणाशी संयोग पावत नाही, खडकांत मुरत नाही. तो गेला तो आयनांच्या माऱ्याने उडून गेला. चुंबकीय कवच नसल्याची किंमत या एका आकड्यात दिसते.

उत्तरायण

भूतकाळाबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. माझा मुद्दा भविष्याचा आहे. आज सूर्य शांत झाला आहे, आणि कामांचा क्रम ठरवताना आपल्याला आजचाच सूर्य धरावा लागेल.

शिशिर

धूमकेतू यांनी उपस्थित केलेला विश्वकिरणांचा मुद्दा मागे पडला, तो पुन्हा पुढे आणते. पृथ्वीवर आपले रक्षण नेमके कोण करते, याचा विचार केला तर हवेचा वाटा फार मोठा निघतो. आपल्या डोक्यावर प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे दहा टन हवा आहे. सुमारे ४१ हजार वर्षांपूर्वी, लाशां नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटनेत, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आजच्या एका लहानशा अंशापर्यंत क्षीण झाले होते, आणि माणसे त्यातून तगली.

मंगळावर आज प्रत्येक चौरस मीटरमागे जेमतेम १६० ते १७० किलोग्रॅम वायू आहे. इथे मात्र एक अनुकूल गोष्ट आहे. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के असल्यामुळे, तेवढीच दहा टन हवा डोक्यावर असली तरी तिचा दाब सुमारे ३८० मिलिबारच भरेल. म्हणजे पृथ्वीइतका दाब गाठण्याच्या कितीतरी आधी विश्वकिरणांपासून पृथ्वीवरच्यासारखे संरक्षण मिळू लागेल. माझ्या दृष्टीने पहिले काम हवेचे आहे.

धूमकेतू

शिशिर यांचा हिशोब मला पटला आणि माझा आक्षेप त्यामुळे बदलला. पण ही हवा आणायची कुठून? २०१८ मध्ये जॅकोस्की आणि एडवर्ड्स यांनी मंगळावर मिळण्याजोग्या कार्बन डायऑक्साइडचा आढावा घेतला. ध्रुवीय बर्फ, माती आणि सहज हाताशी येणारे खडक हे सगळे धरले तरी दाब सुमारे २० मिलिबारपर्यंतच पोहोचेल, असे त्यांना आढळले. आज तो सुमारे ६ मिलिबार आहे. ३८० आणि २० यांमधले अंतर बाहेरून द्रव्य आणूनच भरावे लागेल.

पाऊलवाट

म्हणजे चुंबकीय क्षेत्र ही हवेपेक्षा सोपी गोष्ट ठरते, आणि तरीही ती पहिली गरज नाही. हे मला अगदी अनपेक्षित होते.

गाभारा

मला एक छोटी भर घालायची आहे. टेरा सिमेरियासारख्या प्रदेशांत खडकांचे क्षेत्र इतके प्रबळ आहे, की तिथे सौरवाऱ्याला रोखणारी लहान चुंबकावरणे आजही आहेत, आणि त्यांच्यापाशी मार्स एक्सप्रेस यानाला ध्रुवीय प्रकाशही दिसला. पण क्षेत्ररेषा जिथे वर उघडतात, तिथून भारित कण आत येतात, आणि सौरवाऱ्याने ताणलेल्या रेषा तुटल्या की वातावरणाचे लोंढे एकदमच सुटून जातात. तुटकतुटक क्षेत्र संरक्षणही करते आणि गळतीही वाढवते. कृत्रिम क्षेत्र उभारायचे असेल, तर त्याचा आकार आणि सलगपणा यांचा विचार त्याच्या ताकदीइतकाच करावा लागेल.

चुंबकसूची

सर्वांचे मनापासून आभार. मी मांडलेल्या क्रमातला पहिलाच दुवा चुकीचा होता आणि शेवटचाही अपुरा होता, हे आता लक्षात आले. मुलीला गोधडीचे उदाहरण सांगितले तेव्हा तिने लगेच विचारले, "मग गोधडी काढता येणार नाही का?" गाभारा, तिला काय सांगू?

आणि तिचा मूळ प्रश्न अजून बाकी आहे. अभियंता७ यांचे कडे विषुववृत्तावर बसवले, तर होकायंत्र उत्तर दाखवील का?

गाभारा

गोधडी काढणे म्हणजे मंगळाचे प्रावरण जलद थंड करणे, आणि ती खडकाची सुमारे दीड हजार किलोमीटर जाडी आहे. खडकातून उष्णता इतकी सावकाश वाहते, की पृष्ठभाग कितीही थंड केला तरी ती बातमी गाभ्यापर्यंत पोहोचायला अब्जावधी वर्षे लागतील. तिला सांगा, की प्रश्न अचूक आहे, आणि पृथ्वीवर भूपट्ट नेमके तेच काम करतात.

अभियंता७

कड्यापासून दूर, मध्यम अक्षांशांवर, सुई उत्तर-दक्षिण उभी राहील. तिचे कोणते टोक उत्तरेकडे असेल, हे प्रवाहाची दिशा ठरवून आपणच निवडू शकतो. कड्याजवळ मात्र गोष्ट वेगळी होईल. १६ कोटी अँपिअर वाहणाऱ्या तारेपासून १०० किलोमीटरवरदेखील क्षेत्र पृथ्वीवरच्या क्षेत्राच्या काही पट असेल, आणि एका किलोमीटरवर त्याच्याही शंभर पट. तारेच्या नेमके वर सुई आडवी राहील, पण तारेपासून थोडे उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकले, की ती सरळ जमिनीत किंवा आकाशाकडे रोखली जाईल. जपानी अहवालात एकाऐवजी बारा कडी का सुचवली होती, याचे एक कारण मला यात दिसते: प्रवाह वाटला गेला, की जमिनीवरचे क्षेत्र अधिक समान होते. बारा कड्यांसाठी मंगळावरचे आकडे मी अजून काढलेले नाहीत. या आठवड्यात काढून इथेच लिहितो.